कॉटनवुड फॉल्सचे कोर्टहाउस : गवताळ टेकड्यांच्या काउंटीची चालती कचेरी

अमेरिकेच्या ग्रामीण भागातील जुन्या कोर्टहाउसांच्या, म्हणजे काउंटीची कचेरी आणि न्यायालय एकत्र असलेल्या इमारतींच्या, वाट्याला बहुधा दोनपैकी एक गत येते. लोकसंख्या वाढलेल्या काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याचा, आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) जुनी इमारत पाडून तिच्या जागी सपाट छपराची नवी कचेरी उभी राहते, आणि लोकसंख्या घटलेल्या काउंटीत कामकाज दुसरीकडे हलवून जुन्या इमारतीचे संग्रहालय केले जाते. कॅन्सस राज्यातील चेस काउंटीचे कोर्टहाउस या दोन्ही गतींतून सुटले आहे. १८७३ मध्ये बांधून पूर्ण झालेली ही चुनखडी दगडाची इमारत कॅन्ससमधील अद्याप वापरात असलेले सर्वांत जुने कोर्टहाउस आहे. मालमत्ता कराचा भरणा, जमिनीच्या दस्तांची नोंदणी, निवडणुकांची तयारी आणि खटल्यांची सुनावणी ही कामे तिच्या भिंतींच्या आत आजही चालतात. काही पर्यटन पत्रकांत हा मान पार मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील सगळ्या प्रदेशापर्यंत ताणलेला आढळतो. कॅन्ससपुरता मानच पुरेसा असताना ती ओढाताण कशासाठी, हे कळत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. इमारत म्हणून हे कोर्टहाउस पहिल्या प्रतीचे आहे, कचेरी म्हणून नीटनेटके आहे, आणि प्रेक्षणीय स्थळ म्हणून मात्र थोडी तयारी करून गेल्याशिवाय ते उलगडत नाही. भोवतालच्या टेकड्या, त्यांवरचे गवत आणि त्या गवताची मालकी व कर ठरवणारी कायद्याची व्यवस्था यांची काहीच कल्पना नसेल, तर थोड्या वेळात सगळे पाहून होते आणि हाती एका सुंदर जिन्याचे छायाचित्र तेवढे राहते. ही इमारत पाहावी ती तिच्या काउंटीसह, असा माझा आग्रह आहे, आणि म्हणून या परीक्षणातही इमारतीइतकीच जागा काउंटीला दिली आहे.

चेस काउंटी कॅन्ससच्या पूर्व-मध्य भागात आहे. विचिटा शहराकडून येणाऱ्याला सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो आणि एम्पोरिया हे जवळचे मोठे गाव सुमारे वीस मैलांवर पूर्वेला राहते. ५० क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर स्ट्राँग सिटी लागते. सांता फे रेल्वेचे एकेकाळचे अध्यक्ष विल्यम बार्स्टो स्ट्राँग यांच्या नावावरून या गावाचे नाव पडले, आणि त्या मार्गावरून लांबलचक मालगाड्या आजही धडधडत जातात. तेथून दक्षिणेला वळून कॉटनवुड नदी ओलांडली की काउंटीचे मुख्य ठाणे असलेले कॉटनवुड फॉल्स येते. गाव नऊशे वस्तीचेही नाही. ब्रॉडवे हा त्याचा मुख्य रस्ता विटांनी फरसबंद केलेला आहे. दोन्ही बाजूंना दगडी दुकाने आहेत आणि रस्त्याच्या दक्षिण टोकाला, अगदी मधोमध, कोर्टहाउस उभे आहे. रस्ता इमारतीपाशी येऊन संपतो, त्यामुळे गावात शिरणाऱ्याची नजर दुसरीकडे जाऊच शकत नाही. ही मांडणी करणाऱ्यांना सत्तेचे स्थान कोठे असावे याची पुरेपूर जाण होती.

इमारतीचे वास्तुविशारद जॉन जी. हॅस्केल हे टोपेका येथील राज्याच्या विधानभवनाच्या कामाशीही संबंधित होते. येथे त्यांनी फ्रान्समधील दुसऱ्या साम्राज्याच्या काळात रूढ झालेली शैली वापरली. बाजूंनी तीव्र उताराचे आणि माथ्यावर जवळजवळ सपाट होणारे मॅन्सार्ड पद्धतीचे छप्पर, त्यात बसवलेल्या नक्षीदार खिडक्या, आणि सर्वांवर घड्याळ असलेला मनोरा, अशी तिची रचना आहे. पॅरिसमध्ये फॅशन झालेले हे छप्पर त्या काळी अमेरिकेतील सरकारी इमारतींवर सर्रास दिसत असे, परंतु ज्या गवताळ माळावर तोवर मोजकीच पक्की घरे होती तेथे ते चढवणे हे धाडसच होते. दगड मात्र पूर्णपणे स्थानिक आहे. या परिसरातील फिकट, घट्ट कणांच्या चुनखडीला भूगर्भशास्त्रात कॉटनवुड चुनखडी असेच नाव आहे आणि टोपेकाच्या विधानभवनाचा मोठा भागही चेस काउंटीतून नेलेल्या दगडानेच बांधला गेला. नक्षी परदेशी आणि अंग गावचे, असे हे मिश्रण आहे. ते जमले आहे, कारण दगडाच्या रंगाने शैलीचा भपका बराच खाली आणला आहे.

आत शिरल्यावर सर्वांत आधी दिसतो तो जिना, आणि त्याची कीर्ती अवाजवी नाही. काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा हा गोलाकार जिना तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत वळत वर जातो. त्यासाठी लागलेली झाडे कॉटनवुड नदीच्या काठची होती, असे सांगितले जाते आणि ते पटण्यासारखे आहे, कारण या काउंटीत मोठी झाडे वाढतात ती नदीनाल्यांच्या काठीच. टेकड्यांवर गवताखेरीज फारसे काही उभे राहत नाही. जिन्याचा कठडा असंख्य हातांनी गुळगुळीत झाला आहे. कर भरायला आलेला शेतकरी, साक्षीसाठी बोलावलेला माणूस, लग्नाचा परवाना काढायला आलेले जोडपे, या सर्वांनी तोच कठडा धरला असणार, आणि आजही त्याला दोरी लावून कोणी दूर ठेवलेले नाही. मला या इमारतीतली सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. जतन म्हणजे काचेआड ठेवणे, अशी समजूत असलेल्यांनी हा जिना अवश्य चढावा. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी मात्र हळूहळू चढावे, कारण वळणामुळे पायऱ्यांची आतली बाजू अरुंद आहे.

वरच्या मजल्यावरचा न्यायकक्ष उंच छताचा आहे आणि त्या छताला ठसे उमटवलेल्या पत्र्याची नक्षी आहे. खिडक्या उंच असल्यामुळे दिवसा उजेडाची उणीव भासत नाही. मोठ्या शहरांतील न्यायालयांत न्यायाधीश आणि पक्षकार यांच्यातले अंतर जाणूनबुजून वाढवलेले दिसते. येथे कक्ष लहान असल्याने ते अंतर आपोआप कमी झाले आहे. वरच्या खिडकीतून बाहेर पाहिले तर ब्रॉडवेच्या विटा सरळ नदीच्या दिशेला गेलेल्या दिसतात आणि गावापलीकडे टेकड्यांची लांब, झाडे नसलेली रेषा दिसते. इमारतीचे उरलेले निम्मे परीक्षण त्या रेषेपाशी करावे लागते.

त्याआधी खर्चाचा एक मुद्दा नोंदवतो. या बांधकामासाठी सुमारे ४० हजार डॉलर खर्च झाले. नुकत्याच वसलेल्या काउंटीसाठी ती रक्कम लहान नव्हती. चेस काउंटी १८५९ मध्ये, म्हणजे कॅन्ससला राज्याचा दर्जा मिळण्याच्या दोन वर्षे आधी स्थापन झाली आणि तिला ओहायोचे तत्कालीन गव्हर्नर सॅमन पी. चेस यांचे नाव दिले गेले. गुलामगिरीचे कट्टर विरोधक असलेले चेस पुढे लिंकन यांचे अर्थमंत्री आणि नंतर अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. नव्या काउंटीच्या प्रमुखांना वाटत होते की रेल्वे आली, वस्ती येत आहे, आणि लवकरच हा माळ माणसांनी भरून जाईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकसंख्या आठ हजारांच्या वर गेलीही, पण त्यानंतर ती उतरत गेली. २०२० च्या जनगणनेत ती २,५७२ भरली. काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे ७७८ चौरस मैल, म्हणजे दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. एका चौरस मैलामागे चार माणसेही येत नाहीत. न आलेल्या लोकांसाठी बांधलेली ही कचेरी आहे असे कोणी म्हटले तर ते चूक ठरणार नाही, आणि तरीही ती टिकली याचे एक कारण तेच आहे. गर्दी झाली असती तर जागा अपुरी पडली असती आणि इमारत केव्हाच पाडली गेली असती.

त्याच १८७३ मधली दुसरी एक घटना इमारतीकडे पाहताना लक्षात ठेवावी असे मला वाटते. शेजारच्या मॉरिस काउंटीत, कौन्सिल ग्रोव्हच्या परिसरात, कॉ या मूळ रहिवासी जमातीची राखीव भूमी होती. कॅन्सस हे नाव ज्यांच्यावरून पडले तेच हे लोक. १८७३ मध्ये त्यांना तेथून हलवून आजच्या ओक्लाहोमाच्या प्रदेशात पाठवण्यात आले. एका बाजूला नव्या मालकीच्या नोंदी ठेवण्यासाठी दगडी घर पुरे होत होते आणि काही मैलांवर जुने रहिवासी आपली भूमी सोडून जात होते. इमारतीच्या कौतुकात हा संदर्भ सहसा गाळला जातो.

आता भूगोल. चेस काउंटी फ्लिंट हिल्स या टेकड्यांच्या ऐन मध्यावर आहे. टेकड्या म्हटल्यावर उंच सुळके डोळ्यांपुढे आणू नयेत. हे लांब उतारांचे, पायऱ्यापायऱ्यांनी उठणारे माळरान आहे. पर्मियन काळातील उथळ समुद्रात साचलेले चुनखडीचे आणि शेल या चिखलापासून बनलेल्या मऊ खडकाचे थर येथे एकावर एक आहेत, आणि त्या चुनखडीत चकमकीच्या कठीण गाठी आहेत. मऊ थर झिजतात, चकमकीचा थर तग धरतो आणि उतारावर पायरी तयार होते. वर मातीचा थर इतका पातळ आणि खडेमिश्रित आहे की नांगराचा फाळ त्यात चालत नाही. एवढ्या एका कारणाने या काउंटीचा पुढचा सगळा इतिहास ठरला. उत्तर अमेरिकेतील उंच गवताचा माळ एकेकाळी सुमारे १७ कोटी एकरांवर पसरला होता. सुपीक मातीमुळे तो जवळजवळ सगळा नांगराखाली गेला आणि आज त्यातला चार टक्क्यांहून कमी भाग उरला आहे. जो उरला त्याचा फार मोठा हिस्सा फ्लिंट हिल्समध्ये आहे, कारण येथे नांगराने हार मानली. नदीकाठच्या सखल पट्ट्यात मका, सोयाबीन आणि गहू होतो. बाकी सगळा मुलूख गवताचा आणि गुरांचा.

बिग ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम, इंडियन ग्रास आणि स्विचग्रास ही येथली मुख्य गवते. अनुकूल वर्षी पहिले गवत शरद ऋतूपर्यंत माणसाच्या डोक्यावर जाते. वसंतात, विशेषतः एप्रिलमध्ये, मालक माळ जाळतात, म्हणजे जुना पाचोळा जातो, झुडपे माजत नाहीत आणि काळ्या जमिनीतून कोवळे गवत झपाट्याने वर येते. मग बाहेरून वासरे आणून त्या गवतावर उन्हाळ्यात चारली जातात आणि वजन वाढले की पुढे पाठवली जातात. या धंद्याचे राज्याच्या व्यवस्थेत केवढे स्थान आहे याचा एक गमतीदार पुरावा म्हणजे या काउंटीतून जाणारा कॅन्सस टर्नपाइक हा टोल रस्ता. बझार या वस्तीजवळ त्यावर एक खास फाटा आहे, आणि तो फक्त गुरांच्या वाहतुकीसाठी आहे. तेथे कोंडवाडे आहेत, ट्रक भरले जातात, पण आपली मोटार तेथून बाहेर काढता येत नाही. माळ जाळण्यावरून मात्र शहरांशी कुरबूर चालते, कारण धूर दूरवर जातो. राज्याने चेससह १६ काउंट्यांत एप्रिल महिन्यात उघड्यावर जाळण्यावर निर्बंध घातले आहेत आणि त्यातून चराऊ माळाच्या नियोजित जाळणीला सूट दिली आहे. नियम आणि सूट एकाच दमात, आणि दोन्ही समजण्यासारखे.

या गवताचे मालक कोण, याचे उत्तर कोर्टहाउसच्या दस्तनोंदणी कार्यालयात मिळते, आणि माझ्या मते ही इमारतीतली सर्वांत महत्त्वाची खोली आहे. कॅन्ससमधील जमीन सहाव्या मुख्य मध्यान्ह रेषेपासून, म्हणजे मोजणीसाठी ठरवलेल्या एका उत्तर-दक्षिण रेषेपासून, मोजलेली आहे. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा एक टाउनशिप, त्यात ३६ सेक्शन, आणि प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. कॉटनवुड फॉल्स हे १९ दक्षिण टाउनशिप आणि ८ पूर्व रेंज या चौकटीत बसते, म्हणजे नेब्रास्काच्या सीमेपासून खाली मोजत आले तर एकोणिसावी ओळ आणि मध्यान्ह रेषेपासून पूर्वेकडे आठवा रकाना. नद्या वळतात, टेकड्या वाकतात, पण दस्तातली जमीन चौकोनीच राहते. हवेतून पाहिले तर कुंपणे आणि रस्ते या चौकटीच्या रेघांवर धावताना दिसतात, आणि जेथे उतार फार तीव्र होतो तेथे रस्ते नाइलाजाने चौकट सोडतात. ज्यांना सातबारा उताऱ्याची सवय आहे त्यांना एक फरक जाणवेल. येथे मालकी आणि पीकपाणी एका कागदावर येत नाही. दस्तनोंदणी अधिकारी केवळ व्यवहारांची साखळी सांभाळतो, जमिनीचे मूल्य वेगळा अधिकारी ठरवतो आणि कर तिसऱ्या खिडकीत भरायचा असतो. जमिनीवरचा हक्क आणि तिच्या पोटातील खनिज व तेलाचा हक्क वेगवेगळ्या व्यक्तींकडे असू शकतो, त्यामुळे जुने दस्त उलगडण्याचे काम वाटते तितके सरळ नसते.

करआकारणीची कॅन्ससची पद्धत गवताच्या काउंटीसाठी कळीची आहे. शेतजमिनीचे आणि चराऊ कुरणाचे मूल्य बाजारभावाने न धरता त्या जमिनीच्या उत्पन्नक्षमतेवरून, कित्येक वर्षांच्या सरासरीने ठरवले जाते. त्या मूल्याच्या ३० टक्के रकमेवर कराचा दर लागू होतो, तर राहत्या घराच्या बाबतीत बाजारमूल्याच्या ११.५ टक्के रकमेवर. कर दोन हप्त्यांत भरता येतो, पहिला २० डिसेंबरपर्यंत आणि दुसरा १० मेपर्यंत. शहरातला एखादा धनिक शिकारीसाठी वा हौसेसाठी कुरण चढ्या भावाने विकत घेतो, तेव्हा शेजारच्या पिढीजात पशुपालकाचा कर त्या भावामुळे भडकू नये, हा उत्पन्नावर आधारित मूल्यांकनाचा फायदा आहे. तोटा असा की करपात्र संपत्ती मर्यादित असलेल्या काउंटीला रस्ते, पूल, शेरीफचे, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचे, कार्यालय आणि ही दीडशे वर्षांची इमारत यांचा भार मूठभर मालकांवरच टाकावा लागतो. आवाका मोठा आणि माणसे थोडी, ही येथल्या प्रत्येक अंदाजपत्रकाची मूळ अडचण आहे. ओढ्यांवरच्या लहान पुलांचीच केवढी देखभाल करावी लागते, हे काउंटीच्या खडीच्या रस्त्यांवरून फिरल्यावर समजते. क्लेमेंट्सजवळ एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातला दुहेरी कमानीचा दगडी पूल आहे. तो आता वाहनांसाठी बंद असला तरी पायी जाऊन पाहण्यासारखा आहे, आणि कोर्टहाउस बांधणाऱ्या पिढीला दगडात काय साधत होते याची ती दुसरी साक्ष आहे. कॉटनवुड नदी दिसते तितकी सौम्य नाही. १९५१ च्या महापुरानंतर सॅफर्डव्हिल नावाची वस्ती जवळजवळ उठलीच.

कारभाराची रचना साधी आहे. कॅन्ससच्या १०५ काउंट्यांपैकी बहुतेकांप्रमाणे येथेही निवडून आलेल्या आयुक्तांचे लहान मंडळ कारभार पाहते. त्याशिवाय काउंटी क्लार्क (कारभाराच्या नोंदी ठेवणारा अधिकारी), खजिनदार, दस्तनोंदणी अधिकारी, शेरीफ आणि सरकारी वकील हेही स्वतंत्रपणे निवडून येतात, आणि त्यांची मुदत चार वर्षांची असते. म्हणजे आयुक्त अंदाजपत्रक मंजूर करतात, पण शेरीफ किंवा खजिनदार त्यांचा नोकर नसतो. मूल्यांकन अधिकाऱ्याची मात्र नेमणूक होते, आणि ते योग्यच आहे, कारण आपल्या मतदारांच्या जमिनीचे मूल्य ठरवणारा माणूस निवडणुकीला उभा राहू नये. लहान काउंटीत क्लार्कच निवडणूक अधिकारी असतो आणि मतमोजणीच्या निकालावर अंतिम शिक्कामोर्तब आयुक्तांचे मंडळ करते. मंडळाच्या बैठका कायद्याने सर्वांना खुल्या आहेत. अमेरिकेच्या राजकारणाचा गोंगाट दूरचित्रवाणीवर ऐकून कंटाळलेल्याने अशा एखाद्या बैठकीला बसून पाहावे. चर्चा होते ती एखाद्या पुलाची, खडीच्या दराची, नव्या गस्ती मोटारीची. खजिनदाराच्या खिडकीवर वाहनांची वार्षिक नोंदणीही होते, त्यामुळे इमारतीत येणाऱ्यांत सर्वाधिक संख्या बहुधा गाडीच्या पाटीसाठी येणाऱ्यांची असते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला येणारा प्रत्येक जण नावाने ठाऊक असणे हा येथला मोठा गुण आहे. लहान गावात खासगीपणा फारसा उरत नाही, हा त्याच गुणाचा दोष.

न्यायदानाची बाजू राज्याकडे आहे. चेस आणि लायन या दोन काउंट्यांचा मिळून पाचवा न्यायिक जिल्हा होतो. न्यायाधीश आणि न्यायालयाचे कर्मचारी यांचे वेतन राज्य देते, तर जागा आणि दैनंदिन खर्च काउंटीने करायचा असतो. त्यामुळे या जुन्या इमारतीत चालणाऱ्या न्यायालयाचे छप्पर कोणी शाकारायचे याचे उत्तर काउंटीचे करदाते हेच आहे. कॅन्ससच्या कायद्यात एक तरतूद अशी आहे की प्रत्येक काउंटीत तेथेच राहणारा आणि तेथेच मुख्य कार्यालय असलेला जिल्हा न्यायालयाचा किमान एक न्यायाधीश असलाच पाहिजे. खटले कमी असलेल्या काउंट्यांमध्ये हा खर्च वाया जातो, असा आक्षेप अनेकदा घेतला गेला आहे. मला ही तरतूद योग्य वाटते. घरगुती हिंसाचारात संरक्षणाचा आदेश मागणाऱ्या बाईला किंवा वारसाहक्काचा अर्ज करणाऱ्या म्हाताऱ्याला पन्नास मैल दूर जावे लागू नये, हे न्यायाचे किमान मोजमाप आहे. लहान काउंट्यांत हा न्यायाधीश बहुधा मॅजिस्ट्रेट दर्जाचा असतो. किरकोळ गुन्हे, वाहतुकीचे खटले, वारसाहक्काची प्रकरणे आणि मोठ्या गुन्ह्यांची प्राथमिक सुनावणी तो चालवतो. खरा तुटवडा आहे तो वकिलांचा. ग्रामीण कॅन्ससमध्ये वकील मिळेनासे झाले आहेत आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये या प्रश्नासाठी समिती नेमली. देखणा न्यायकक्ष, हजर न्यायाधीश आणि वकील मात्र बाहेरगावचा, अशी स्थिती कितीतरी ठिकाणी आहे.

कॉटनवुड फॉल्समधील काउंटीचा तुरुंग हा या कारभाराचा असा भाग आहे की ज्याबद्दल पर्यटन पत्रके गप्प असतात. संघराज्याच्या इमिग्रेशन खात्याने स्थानबद्ध केलेल्या लोकांना येथे कराराने ठेवले जाते आणि त्यापोटी काउंटीला पैसे मिळतात. करपात्र संपत्ती थोडी असलेली काउंटी असा मार्ग का धरते हे वर लिहिलेल्या हिशेबावरून समजते. समजले तरी ते मनाला पटत नाही. वकिलांचा दुष्काळ असलेल्या गावी, ज्यांना वकिलाची सर्वाधिक गरज आहे अशा परक्या माणसांना आणून ठेवणे ही व्यवस्था त्या लोकांच्या दृष्टीने अन्यायाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अक्रोडाच्या जिन्याचे कौतुक करताना हेही सांगितले पाहिजे.

भेटीची आखणी करणाऱ्याने एक दिवस पूर्ण ठेवावा. कोर्टहाउस सकाळी पाहावे आणि उरलेला वेळ स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला असलेल्या टॉलग्रास प्रेअरी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्राला द्यावा. हे क्षेत्र १९९६ मध्ये स्थापन झाले आणि सुमारे ११ हजार एकरांचे आहे. त्याच्या स्थापनेची कथा काउंटीच्या स्वभावाला धरून आहे. केंद्र सरकारने जमीन ताब्यात घेण्याला स्थानिकांचा इतका विरोध होता की राष्ट्रीय उद्यान सेवेला तेथे जास्तीत जास्त १८० एकर जमीन धारण करता येईल, अशी मर्यादा कायद्यातच घालावी लागली. बाकी जवळजवळ सगळी जमीन एका खासगी निसर्गसंरक्षण संस्थेच्या मालकीची आहे आणि उद्यान सेवा तिच्या सहकार्याने कारभार पाहते. पशुपालक स्टीफन जोन्स यांचे १८८१ मधले दगडी घर, दगडी गोठा आणि टेकडीवरची एकखोलीची शाळा तेथे पाहायला मिळते. २००९ पासून बायसन या अमेरिकी रानगव्यांचा एक कळपही आहे आणि पायवाटा त्यांच्या कुरणातून जातात, तेव्हा अंतर राखूनच चालावे. उन्हाळ्यात सावली मिळत नाही, पाणी सोबत असू द्यावे. गवत पाहायचे तर सप्टेंबरच्या अखेरीस जावे, आणि जाळणी पाहायची तर एप्रिलमध्ये. १७७ क्रमांकाच्या रस्त्याने पुढे दक्षिणेला बझार व मॅटफील्ड ग्रीनकडे जाणारा पट्टा मोटारीतून पाहायलाही सुंदर आहे. बझारजवळच १९३१ च्या मार्चमध्ये नोत्र दाम विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक न्यूट रॉकनी यांचे विमान कोसळून आठ जणांचा मृत्यू झाला होता, आणि त्या अपघातानंतर अमेरिकेत प्रवासी विमानांच्या बांधणीबाबत व तपासणीबाबत कडक धोरण आले. तेथले स्मारक खासगी कुरणात आहे, परवानगीशिवाय कुंपण ओलांडू नये.

दोष सांगायचे तर एकच ठळकपणे सांगतो, की इमारत स्वतःबद्दल फार थोडे बोलते. संग्रहालयाची सवय असलेल्याला माहितीफलक, नकाशे, दालनांचा क्रम हवा असतो, आणि येथे भेटतात ती काम करणारी माणसे. विचारले तर ती आपुलकीने सांगतात, न विचारता कोणी मागे लागत नाही. माझ्या दृष्टीने हा दोष सुसह्य आहे, पण लहान मुलांना घेऊन गेलेल्यांना तो जाणवेल. आठवड्याच्या शेवटी कार्यालये बंद असतात, त्यामुळे आतून पाहायची असेल तर कामाच्या दिवशी जावे किंवा मार्गदर्शित भेटीची आधी चौकशी करून ठेवावी. कर भरण्याच्या अखेरच्या तारखांच्या आसपास खिडक्यांवर वर्दळ असते. न्यायकक्षात डोकावण्यापूर्वी खाली क्लार्कच्या कार्यालयात विचारावे. सुनावणी चालू असेल तर मागच्या बाकावर शांतपणे बसता येते, छायाचित्रे मात्र काढता येत नाहीत.